तळ्याचा काटा कुणाच्या हातात?

कोल्हापुरात तळ्यावरून भांडण होणं नवं नाही. रंकाळ्यात केंदाळ पसरलं की होतं, पाणी हिरवं पडून वास मारायला लागलं की होतं, कळंबा आटला की होतं, आणि गणपतीच्या तोंडावर तर दरवर्षी ठरल्यासारखं होतं. हल्ली त्यात एका नव्या भांडणाची भर पडली आहे. पाणी घाण आहे का, हा प्रश्न मागे पडला. ते घाण आहे हे सांगण्याचा अधिकार कुणाचा, यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. पहाटे फिरायला येणारे, तालमीतली पोरं, शाळांची निसर्ग मंडळं बाटल्या आणि तपासणीची किट घेऊन काठावर बसू लागली, तेव्हापासूनचं हे. एक बाजू म्हणते, पाणी तपासणं हा पोरखेळ नाही, प्रयोगशाळेचं काम प्रयोगशाळेला करू द्या. दुसरी म्हणते, प्रयोगशाळावाल्यांनी इतकी वर्षं काय दिवे लावले? तळं आमचं, नाक आमचं, वास आम्हाला येतो. तज्ज्ञ हवाय कशाला? दोघंही समोरच्याच्या सगळ्यात कच्च्या मुद्द्याशी कुस्ती धरतात आणि चितपट केलं म्हणून फेटा उडवतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तळ्यावर नजर ठेवणाऱ्या गटाला तज्ज्ञ सल्लागार हवाच. त्याच्याशिवाय मोजलेल्या आकड्याला काडीची किंमत नाही. पण आकडा हातात देणारा म्हणून तो नको. आकड्यावर शंका कशी घ्यायची, हे शिकवायला हवा. आणि त्याची पहिली शंका महापालिकेवर किंवा कारखान्यावर नाही, आपल्याच गटावर हवी. हे जमत नसेल तर तो कितीही शिकलेला असो, गटाला भारच.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायला लागू नये. कारखान्याच्या गेटवरचा वजनकाटा कारखान्याचा. ‘काटा मारला’ म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. शेतकऱ्याने त्यावर काय मागितलं? काटा मोडून टाका, आम्ही मोळी उचलून अंदाजाने वजन सांगतो, असं कुणी म्हणालं नाही. मागणी होती ती बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याची मुभा मिळावी आणि काट्याची तपासणी आमच्यासमोर व्हावी, ही. मापाडीवरचा राग मापावर काढला नाही. उताऱ्याचं, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याचंही तेच. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली, आणि तो उतारा काढणार कारखान्याचीच प्रयोगशाळा. अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तर टनामागे किती पैसे जातात, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याला पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा कुणी, कुठे आणि किती वाजता काढला, हे विचारायचं वेगळं शिक्षण कशाला हवं? दूध संस्थेत तर हे रोज दोन वेळा चालतं. फॅट कमी लागली की बाई किटली घेऊन तिथंच उभी राहते आणि म्हणते, परत लावा. तिने रसायनशास्त्र शिकलेलं नसतं. परत मोजायला लावायचा हक्क आपला आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं.

आता पहिल्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. कायदा. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ वाचून बघा. सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून कोर्टात टिकायचा तर तो कसा घ्यायचा, हे त्यात पायरीपायरीने लिहिलेलं आहे. नमुना तपासायला पाठवणार आहोत अशी जागच्या जागी नोटीस, संबंधिताच्या समोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर मोहोर, सह्या, आणि मग ठरलेली प्रयोगशाळा. शिवाय हे सगळं करण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. तेव्हा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेलं नाल्याचं पाणी न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं तर ते टेबल ओलं होण्यापलीकडे काही होणार नाही, हे मान्य. पण यावरून ‘म्हणून तुम्ही मोजूच नका’ असं म्हणणं म्हणजे पंचनामा पोलीस करतात, सबब चोर दिसला तरी ओरडू नका, असं म्हणण्यासारखं आहे. त्याच कायद्याच्या कलम ४९ मध्ये १९८८च्या दुरुस्तीने सामान्य माणसासाठी एक वाट उघडली: मंडळाला ६० दिवस आधी नोटीस देऊन कुणीही कोर्टात तक्रार नेऊ शकतो, आणि तशी तक्रार गेली की मागणी केल्यावर मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यायचे. मला सांगा, ही नोटीस कशाच्या जोरावर द्यायची? वास येतो म्हणून? अमक्या नाल्याच्या तोंडाशी वर्षभर, दर आठवड्याला, एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदींची वही हातात असेल तर नोटिशीला वजन येतं. लोकांनी घेतलेला नमुना कुणाला शिक्षा करण्यासाठी नसतोच. अधिकाऱ्याला कुठे आणि कधी यायला लावायचं, हे ठरवण्यासाठी असतो.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो, कारण तो खरा आहे आणि आमच्या बाजूचे लोक तो ऐकूनच घेत नाहीत. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट. तळ्यात मासेमारीचा ठेका घेतलेला माणूस असतो, त्याच्याकडून पाटी घेऊन दारोदार फिरणारी बाई असते. एखाद्या अतिउत्साही गटाने मुदत संपलेल्या किटवर बाटलीत रंग बघून ‘तळ्यात विष’ असा मेसेज फिरवला, तर महापालिकेचं काही बिघडत नाही. त्या बाईची पाटी मात्र संध्याकाळी भरलेली परत येते. नंतर खुलासा करून ते मासे विकले जात नाहीत. ‘लोकांचं विज्ञान’ म्हणून मिरवणाऱ्यांनी आधी या बाईला उत्तर द्यावं.

उत्तर आहे, पण ते फुकट मिळत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९७३पासून तळ्याकाठचे रहिवासी पाण्याचा पारदर्शकपणा मोजून सरकारी यंत्रणेला देत आले आहेत. साधन इतकं साधं की हसू येईल: वीस सेंटिमीटरची एक तबकडी, काळ्या-पांढऱ्या रंगात रंगवलेली, दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. १८६५मध्ये सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने ही पद्धत समुद्रावर वापरली; तो मूळचा खगोलशास्त्रज्ञ. फ्लोरिडात १९८६पासून विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखाली नागरिक तळ्यांचे नमुने घेतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी नागरिकांनी घेतलेले नमुने आणि व्यावसायिकांनी घेतलेले नमुने शेजारी शेजारी ठेवून तपासले, आणि दोन्हींचे निकाल जुळते निघाले. म्हणजे सामान्य माणसाला मोजता येत नाही, हे खोटं. पण हेही बघा, की तिथे पद्धत आधी ठरली होती, शिकवणारे होते, आणि जुळतात का हे कुणीतरी मुद्दाम तपासून पाहिलं. आपल्याकडे किट वाटताना फोटो निघतो. त्या किटने दिलेला आकडा दुसऱ्या काट्यावर घालून बघायला कोण जातं? जलजीवन मिशनमध्येही प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, ही चांगलीच गोष्ट. त्या पाचजणींनी शंका आली तर फोन कुणाला लावायचा, यावर ते शिक्षण टिकणार की किट कपाटात जाणार, हे ठरतं.

आता दुसरी बाजू. नाकाची.

मी ज्या गटाबरोबर जातो त्या तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळी चर्चा त्या तळ्याची होईल. गटाला एक निवृत्त प्राध्यापक मिळाले, रसायनशास्त्राचे. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची जुनी विंकलरची पद्धत सरांनी आम्हाला काठावर बसून शिकवली. काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, तिरकी धरून, एक बुडबुडासुद्धा आत राहता कामा नये. मग दोन द्रावणं, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायची. झाकण लावून बाटली उलटसुलट केली की आत तपकिरी गढूळ साका उठतो आणि शांतपणे खाली बसायला लागतो. साका जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. त्यात आम्ल घातलं की बिनदुधाच्या चहासारखा रंग येतो. मग थेंब थेंब, मोजून, थायोसल्फेटचं द्रावण, शेवटी स्टार्च घालून निळं करायचं आणि एका थेंबात ते निळं उडून जातं. तो एक थेंब पकडण्यात सगळी गंमत. पहिल्या महिन्यात माझ्या बाटलीत दर वेळी बुडबुडा राहायचा आणि सर न बोलता बाटली रिकामी करून परत माझ्या हातात द्यायचे.

सरांनी वेळ ठरवली होती दुपारी चारची. शाळा सुटून मुलं येऊ शकतात म्हणून. आणि आकडे आले झकास. इतके की गटाचे चेहरे उतरले. २५ अंश तापमानाला एका लिटर पाण्यात ऑक्सिजन मावतो तो साधारण आठ मिलिग्रॅम. आमचे आकडे त्याच्याही वर. तळं हिरवंगार, काठावर वास, आणि ऑक्सिजन डोंगरातल्या ओढ्यासारखा! गटातले दोघं कुजबुजायला लागले की सर महापालिकेचे माणूस दिसतात. सर काही बोलले नाहीत. बोलला तो जाळं आवरत बसलेला एक म्हातारा कोळी. रोज आमचा हा बाटल्यांचा खेळ बघायचा. म्हणाला, “सर, मासा दुपारी न्हाई मरत. पहाटं मरतोय. दिस उगवायच्या आधी येऊन बघा, पार वर येऊन तोंड वासत्यात.”

सर घरी गेले नाहीत. तिथंच बसून कपाळाला हात लावला. कारण त्यांना ठाऊकच होतं, पण वेळ ठरवताना सुचलं नव्हतं. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं, म्हणून दुपारी पाण्यात तो मावेनासा होतो. रात्री तेच शेवाळ, तळातला कुजका गाळ आणि मासे, सगळे मिळून तो ओढून घेतात. सूर्य उगवायच्या आधी तळं रिकामं. दुपारचा अतिचांगला आकडा हे तळ्याच्या तब्येतीचं लक्षण नव्हतं, आजाराचंच लक्षण होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाटली भरली तेव्हा साका तपकिरी उठलाच नाही. फिक्का, ताकाच्या रंगावर गेलेला. मासे जगायला लिटरला निदान चार मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असं केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत आहे. आमचा आकडा त्याच्या खाली होता.

आता बघा, यात नाक कुठे आलं आणि डिग्री कुठे? कोळ्याला ‘केव्हा’ माहीत होतं. सरांना ‘का’ माहीत होतं. नुसत्या सरांवर सोडलं असतं तर वर्षभर दुपारचे आकडे गोळा करून आम्ही तळं ठणठणीत असल्याचा दाखला लिहून दिला असता, तोही सही-शिक्क्यासह. नुसत्या कोळ्यावर सोडलं असतं तर, तो तर गेली कित्येक वर्षं सांगतच होता. ऐकलं कुणी? आणि एक गोष्ट पहिल्या बाजूच्या मंडळींसाठी: सरकारी नमुना घ्यायला माणूस येतो तो कचेरी उघडल्यावर, अकरा-बाराला. पहाटे साडेपाचला तळ्यावर हजर असते ती फिरायला आलेली जनता. लोकांकडे प्रयोगशाळेकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. ती वापरणार नसाल तर मोजणी लंगडीच.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला सांगायचं आहे ते पुढेच आहे. पहाटेचा आकडा मिळाल्यावर गट खूश. तीन दिवस मोजलं, तिन्ही दिवस कमी. लगेच कुणीतरी पत्रकाराला फोन लावायला निघालं. सरांनी नको म्हटलं. तीन दिवसांच्या आकड्यांवर बातमी करू नका, ढगाळ हवा होती, थंडीतले आकडे बघू, चार ठिकाणी बघू. वर त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं की आधीच्या महिन्याचे दुपारचे आकडे कुठल्याही निष्कर्षाला वापरू नयेत, वेळ चुकीची निवडली होती, चूक माझी. चिडून दोघं गट सोडून गेले. आजही ते भेटले की म्हणतात, सरांनी हवा काढली. माझ्या मते सरांनी त्या वर्षात केलेलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं. आपल्या बाजूचा आकडा आवडीचा निघाला तेव्हा थांबा म्हणणं. महापालिकेवर शंका घ्यायला आम्हाला सल्लागार लागत नव्हता. ती आम्ही तशीही घेतच होतो.

नाकावर विसंबणाऱ्यांना एक जुनी हकीकत सांगतो. १८५४, लंडनमधला सोहो. ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्याने पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या पंपाचं पाणी परिसरात चवीला नावाजलेलं होतं. हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा केवळ चवीसाठी ते पाणी गाडीतून घरी मागवायची. ती त्याच पाण्याने गेली. नाक, जीभ, डोळे तिचेही शाबूत होते. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंचा माग काढून पंपावर बोट ठेवलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी ठाऊक असतात ते तिथले पाद्री हेन्री व्हाइटहेड. त्यांना स्नोंचं म्हणणं पटलेलंच नव्हतं. ते खोडून काढायला म्हणून ते घरोघर हिंडले. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचं. लोक डॉक्टरांना सांगणार नाहीत ते त्यांना सांगत. आणि त्यांनाच शेवटी पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरातलं आजारी पडून गेलेल्या तान्ह्या बाळाचा माग लागला, ज्याच्या दुपट्यांचं पाणी त्याच्या आईने अशा मोरीत ओतलं होतं, की ती पंपाखालच्या विहिरीत पाझरत होती. स्नोंकडे हे धागेदोरे नव्हते. खोडून काढायला निघालेला माणूस सिद्ध करून परतला, तो एवढ्याचसाठी की त्याने पडताळणी प्रामाणिकपणे केली. गटात असा एक तरी संशयी माणूस असावा, असं मला वाटतं. आमच्याकडे ते काम सध्या एका वकीलकाकांकडे आहे. बैठकीत त्यांचा वैताग येतो.

‘तज्ज्ञ विकले जातात’ हा आक्षेप उरला. तो हवेतला नाही. सरोवर संवर्धनाच्या नावाने जे अहवाल निघतात त्यात सल्लागाराला पैसे कोण देतं, हे पहिल्या पानावर बघावं. रंकाळाही केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत गेला होता, तेव्हा हा अनुभव आपल्याला परका नाही. ज्याची फी सुशोभीकरणाच्या कामातून निघते, त्याला तळ्याचा आजार दगडी कठड्याने आणि दिव्यांनी बरा होणारा दिसला तर नवल ते काय? अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळाला पिवळं पाणी यायला लागलं. लोक बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि यंत्रणेतले तज्ज्ञ पाणी नियमात बसतं म्हणून सांगत होते. नियमात बसतही होतं, कारण नमुना घेण्याआधी नळ सोडून ठेवायला सांगितलं जात होतं, म्हणजे पाइपांतून पाण्यात उतरलेलं शिसं आधीच वाहून जायचं. पुन्हा तेच: कसं आणि केव्हा. ते उघडं पडलं २०१५मध्ये, जेव्हा रहिवाशांनी एका विद्यापीठाच्या चमूबरोबर स्वतः अडीचशेहून जास्त घरांतले नमुने ठरलेल्या पद्धतीने गोळा केले. वर्षभर हातात धरलेल्या पिवळ्या बाटल्यांनी जे झालं नाही ते त्या नमुन्यांनी झालं. तज्ज्ञाने झाकलं आणि तज्ज्ञाच्याच मदतीने उघडलं. फरक एवढाच, की दुसरा तज्ज्ञ लोकांना उत्तर द्यायला बांधलेला होता. पुढे काही वर्षांनी तिथल्या काही कार्यकर्त्यांचं त्याच प्राध्यापकांशी जोरदार वाजलं. आमच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असा सवाल होता. कोण बरोबर हे इथून ठरवायचं कारण नाही. पण सल्लागार आणि पुढारी ही दोन कामं एका माणसाकडे गेली की काय होतं, ते त्यातून दिसतं.

म्हणून सल्लागाराशी व्यवहार आधीच स्पष्ट असावा. मोजणीची पद्धत मोजण्याआधी कागदावर लिहिलेली, म्हणजे आकडा बघून पद्धत बदलता येत नाही. वही गटाच्या ताब्यात, सल्लागाराच्या घरी नाही. त्याच तळ्याच्या कामात त्याचे पैसे गुंतलेले नसावेत. असतील तर सांगावेत. दहातला एक नमुना दोन बाटल्यांत भरून दुसरी बाटली बाहेरच्या प्रयोगशाळेत जावी. जंतूंच्या तपासणीची बाटली असेल तर ती बर्फात आणि त्याच दिवशी, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. या एका गोष्टीत गट सर्रास चुकतात. आणि पत्रकारांशी सल्लागाराने बोलू नये. गटाने बोलावं, सल्लागाराने आधी वाचून ‘हे वाक्य आकड्यांतून निघत नाही’ एवढं सांगावं. कुस्तीच्या गावात राहतो म्हणून वस्तादाची उपमा देण्याचा मोह होतो. पण वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं आपल्याकडे कौतुकाने सांगतात ना? इथे तेच नको आहे. राखून ठेवलेला डाव असलेला सल्लागार कायम लागत राहतो.

यावर एक उत्तर येतं की सामान्य माणसाला एवढं शिकवणं शक्य नाही. तेव्हाच्या एकसंध आंध्रातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत, सहाशेहून जास्त गावांत, शेतकऱ्यांनी आपल्या विहिरींची पातळी आणि पाऊस स्वतः मोजून गावातल्या फळ्यावर लिहिले, पाण्याचा ताळेबंद मांडला, आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. अमुक पीक घ्या असं त्यांना तज्ज्ञांनी सांगितलं नव्हतं. इतक्या लांब जायचीही गरज नाही. जुलै महिन्यात आपल्या शहरात कुणालाही विचारा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? रिक्षावाला फूट-इंचात सांगेल. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, हे शाळेच्या कुठल्या पुस्तकात शिकवलं? १९८९चा पूर, २००५चा, २०१९चा, २०२१चा, कुठल्या वर्षी कुठल्या पायरीला पाणी लागलं होतं हे म्हातारी माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. कुणीतरी कधीतरी दोन आकडे पक्के केले, रोज जाहीर केले, आणि शहराने बाकीचं स्वतः शिकून घेतलं. आकडा वाढला की कुणी अधिकाऱ्याला विचारत बसत नाही, सामान माळ्यावर चढवतो. तळ्याच्या ऑक्सिजनचे असे दोन आकडे काठावरच्या फळ्यावर का असू नयेत? पहाटेचा आकडा, तारीख, मोजणाऱ्याची सही. हा फळा कोण लावणार यावर महापालिकेत फाईल फिरेल हे मला माहीत आहे. आम्ही सध्या तो चहाच्या गाड्याला टांगतो. गाडेवाला तक्रार करतो, गिऱ्हाईक चहा घ्यायच्या आधी फळा वाचतं म्हणून.

या उन्हाळ्यात सरांनी नववीतल्या दोन मुलींना टायट्रेशन, म्हणजे ते थेंब थेंब मोजून सोडणं, शिकवलं. त्यातल्या एकीने परवा सरांच्या मागच्या आठवड्याच्या गणितात चूक दाखवली. ब्युरेटचं, म्हणजे थेंब सोडायच्या मोजनळीचं, सुरुवातीचं वाचन वजा करायचं राहिलं होतं. काठावर एकदम शांतता. सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, वही जवळ ओढली, तिच्याकडून परत एकदा गणित करून घेतलं. मग जुन्या आकड्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारली, बाजूला नवा आकडा लिहिला आणि सही करायला पेन तिच्या हातात दिलं.